दंड वाढला म्हणून अपघात घटतात का?

रस्ता सुरक्षा अभियान आले की शाळाशाळांतून घोषवाक्ये, निबंध आणि पोलीस अधिकाऱ्यांचे भाषण असा कार्यक्रम ठरलेला असतो. नियम पाळा, नाहीतर दंड होईल, हा त्या भाषणाचा गाभा. कडक दंडाने अपघात कमी होतात, हे त्यात गृहीत धरलेले असते. विज्ञान शिकवणाऱ्याने या गृहीताला पुरावा मागायला हवा. भिसेगाव-कर्जतची मुले रोज रस्त्यानेच शाळेत जातात, तेव्हा हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. सीटबेल्ट न लावण्याचा दंड १०० रुपयांवरून १,००० झाला, विनापरवाना वाहन चालवण्याचा ५०० वरून ५,०००. महाराष्ट्राने आपले सुधारित दर डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले. देशात रस्ते अपघातांत २०१९ मध्ये सुमारे १ लाख ५१ हजार माणसे दगावली, २०२२ मध्ये १ लाख ६८ हजार. वाहनेही वाढली आहेत. त्यामुळे एवढ्यावरून दंड निरुपयोगी ठरत नाही. पण तो उपयोगी ठरला असे म्हणायला यात काहीच आधार नाही.

असे का व्हावे? वर्गात एक हिशेब करून पाहावा. समजा, हजार फेऱ्यांत एकदा चालक पकडला जातो आणि दंड १,००० रुपये आहे. म्हणजे फेरीमागे सरासरी १ रुपया. आता दंड निम्मा करा, पण पन्नास फेऱ्यांत एकदा पकडा. सरासरी १० रुपये होते. अर्थात, चालक असले गणित मांडत नाही. गेल्या शंभर वेळा काही झाले नाही, एवढेच त्याला ठाऊक असते. शिवाय दंड जितका मोठा, तितका जागच्या जागी ‘मिटवून टाकण्याचा’ मोह दोन्ही बाजूंना अधिक! ब्रिटनमध्ये १९६७ साली चालकांच्या श्वासाची मद्यचाचणी सुरू झाली, तेव्हा अपघाती मृत्यू प्रथम चांगलेच घटले. पकडले जाण्याची शक्यता फारशी नाही हे लोकांच्या लक्षात आले, तसा तो परिणाम ओसरत गेला.

मग आपल्या शेजारून, खालापूर तालुक्यातून जाणाऱ्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे काय? तेथे २०१६ मध्ये १५१ मृत्यू झाले होते, २०१९ मध्ये ९२. ही घट मोलाची आहे. परंतु त्या काळात पोलिसांची कारवाई वाढली, तसेच संरक्षक कठडे बसले, रस्त्यातील दोष दुरुस्त झाले, जखमींना मदत लवकर मिळावी म्हणूनही प्रयत्न झाले. प्रयोगशाळेत आपण एका वेळी एकच घटक बदलायला सांगतो. येथे अनेक बदलले, तर सारे श्रेय एकट्या दंडाला कसे द्यायचे?

माझा कल रस्त्याच्या रचनेकडे आहे. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचे थांबण्याचे अंतर चौपट होते. शाळेजवळचा गतिरोधक हा वेग रात्रंदिवस कमी करतो आणि तडजोड करत नाही. (पांढरे पट्टे नसलेला गतिरोधक मात्र अंधारात दुचाकीस्वारालाच पाडतो.)

नववी-दहावीच्या मुलांना शाळेच्या कुंपणाच्या आतून हेल्मेट घातलेले आणि न घातलेले दुचाकीस्वार मोजता येतील: पोलीस उभे असतानाचा एक आठवडा, नसतानाचा एक. वेळ तीच ठेवावी, बाजाराचा दिवस वेगळा नोंदवावा, आणि पोलीस निघून गेल्यावर आकडा किती दिवसांत मूळ पदावर येतो तेही पाहावे.