कॅमेरा लावला, पण सिद्ध काय झालं?

रिसर्च करायचं ठरवलेल्यांनी फक्त पेपरच वाचावेत असं नाही. शासन निर्णयही वाचावेत. प्रत्येक शासन निर्णयात एक गृहीतक लपलेलं असतं: अमुक केलं की तमुक होईल. ते कुणी तपासलंय का, हा आपला प्रश्न.

आज शालेय शिक्षण विभागाचा २१ ऑगस्ट २०२४ चा निर्णय घेऊ. बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाला, २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले आणि दुसऱ्या दिवशी हा निर्णय आला. खासगी शाळांनी महिन्याभरात सीसीटीव्ही बसवायचे, नाहीतर अनुदान किंवा मान्यतेवर कारवाई. मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीन वेळा फुटेज तपासायचं. सोबत कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती असे इतर उपायही आहेत. मुंबईत निघालेला हा निर्णय वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा इथल्या शाळांनाही तितकाच लागू आहे.

हेतूबद्दल शंका नाही. ज्या आईची पोरगी बालवाडीत जाते, तिला ‘कॅमेरा कशाला?’ असं विचारण्याचा अधिकार मला नाही. माझा आक्षेप हेतूवर नाही, तर्कावर आहे.

पहिला दोष: मोजायचं काय ते ठरलेलं नाही

कॅमेरा गुन्हा थांबवतो की झालेला गुन्हा सिद्ध करायला मदत करतो? ही दोन वेगळी गृहीतकं आहेत. बदलापूरच्या शाळेतलं १५ दिवसांचं फुटेजच नाही, असं तेव्हाचे शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनीच सांगितलं होतं. म्हणजे प्रश्न कॅमेरा ‘असण्या’चा नव्हता. तो चालू होता का, रेकॉर्डिंग कुणाच्या ताब्यात होतं, आणि पालक तक्रार घेऊन गेले तेव्हा त्यांचं ऐकलं किती तासांनी गेलं, हे प्रश्न होते. आपण मात्र उत्तर दिलं ते आणखी कॅमेऱ्यांचं. कारण कॅमेरे मोजता येतात. ‘इतक्या शाळांत बसवले’ असा अहवाल पाठवता येतो. तक्रारपेटी उघडली जाते का, हे त्या रकान्यात मावत नाही. सोपं आहे म्हणून जे मोजतो, त्यालाच यश समजणं ही चूक थीसिसमध्येही सर्रास दिसते.

दुसरा दोष: पुरावा दुसऱ्याच जागेचा

सीसीटीव्हीवर सगळ्यात जास्त उद्धृत होणारा आढावा पिझा, वेल्श, फॅरिंग्टन आणि थॉमस यांचा, २०१९ मधला. ४० वर्षांतले अभ्यास त्यांनी एकत्र केले. कॅमेरे असलेल्या जागांची तुलना कॅमेरे नसलेल्या जागांशी, म्हणजे नियंत्रण गटाशी केली. गुन्ह्यांत घट दिसली सुमारे १३ टक्के. आपल्याकडे भाषणांत इथेच गाडी थांबते. पण पुढे वाचा. परिणाम सगळ्यात ठळक दिसला तो गाड्यांच्या पार्किंगमध्ये. हिंसक गुन्ह्यांवर ठोस परिणाम दिसला नाही. जिथे माणूस बसून लक्ष ठेवत होता आणि जोडीला इतर उपाय होते, तिथे निकाल बरे होते. आणि बहुतेक अभ्यास ब्रिटन-अमेरिकेतले.

आता सांगा, पार्किंगमधल्या चोरीचा निष्कर्ष मानोऱ्याच्या शाळेतल्या मुलीच्या सुरक्षिततेला लावायचा कसा? मुलांवरचे अत्याचार बहुतेक वेळा ओळखीच्याच माणसाकडून होतात. कॅमेरा कुठे आहे आणि कुठे नाही, हे त्याला पक्कं माहीत असतं. स्वच्छतागृहात कॅमेरा लावता येत नाही, लावूही नये.

तिसरा दोष: खर्चाच्या बाजूला फक्त रुपये

शाळा ही शिक्षिकेची, शिपायाची, पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंची कामाची जागा आहे. कारंज्यातल्या कापड दुकानात दिवसभर उभी असणारी मुलगी, बँकेतला कारकून, प्रयोगशाळेतले आपण, सगळ्यांच्या डोक्यावर तो काळा घुमट आहेच. पाहिलं जातंय म्हटल्यावर माणूस वागणं बदलतो. पडलेल्या पोराला जवळ घ्यायला शिक्षक कचरतो का? दोन मिनिटं टेकायला बाई घाबरते का? हा खर्च कुणी मोजलाय?

घरातलंही तेच. पुण्यात नोकरीला असलेला मुलगा गावाकडे आईबाबांच्या काळजीपोटी ओसरीत वायफाय कॅमेरा बसवतो. काळजी खरीच. पण शेजारीण आता आईशी मन मोकळं करायला ओसरीत बसेल का? आणि ते चित्रण जातं कुठे? फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं महिलांच्या तपासणीचं फुटेज टेलिग्रामवर विकलं जात असल्याचं उघड झालं. अटक झालेल्यांत महाराष्ट्रातले तरुणही होते. सुरक्षेसाठी लावलेला कॅमेराच धोक्याची जागा झाला.

कायदा काय म्हणतो?

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणाला मूलभूत अधिकार मानलं. पण २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा नीट वाचा. नोकरीच्या कारणासाठी किंवा स्वतःचं नुकसान टाळण्यासाठी मालक तुमचा डेटा संमतीशिवाय वापरू शकतो. आणि कुणी वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी डेटा वापरत असेल, तर त्याला कायदा लागूच होत नाही. म्हणजे माणसाचा सगळा दिवस ज्या दोन ठिकाणी जातो, तिथेच कायदा ढिला. घराबाबत न्यायालयांनी थोडी वाट दाखवली आहे. कोलकात्यातल्या दोन भावांच्या वादात, एकत्र राहणाऱ्याच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरा नको, असं २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने म्हटलं आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही.

मग मी कॅमेऱ्याच्या विरोधात आहे का? नाही. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितलं, आणि रेकॉर्डिंग १८ महिने जपायची अपेक्षा ठेवली. तिथे कॅमेऱ्याचं तोंड सत्ता असलेल्याकडे आहे. दुकानात ते पगारावर काम करणाऱ्याकडे असतं. यंत्र एकच, पण पाहणारा कोण आणि पाहिला जाणारा कोण, यावर त्याचा अर्थ बदलतो.

तुम्ही हा अभ्यास कसा कराल?

वाशिम त्यासाठी चांगली जागा आहे. सगळ्या शाळांत कॅमेरे एकाच दिवशी लागत नाहीत. आधी लागलेल्या आणि नंतर लागणाऱ्या शाळांची तुलना करता येईल. फक्त तक्रारींचा आकडा पाहू नका. तक्रारी वाढल्या तर कदाचित मुलं बोलायला लागली असतील, ती चांगली खूण आहे. आणि समिती, पडताळणी, कॅमेरा हे सगळं एकाच वेळी आलं असेल, तर श्रेय एकट्या कॅमेऱ्याला देऊ नका. प्रत्यक्ष जाऊन विचारा: लाईट गेल्यावर रेकॉर्डिंग चालू राहतं का? पासवर्ड कुणाकडे आहे, बसवणाऱ्याने दिलेलाच अजून चालू आहे का? फुटेज किती दिवस राहतं? आठवड्यातून तीनदा खरंच कुणी पाहतं का? आणि स्वयंपाकाच्या ताईंना कुणी विचारलं होतं का?

हा शेवटचा प्रश्न प्रश्नावलीत शेवटी टाकू नका, पहिला ठेवा. ज्याच्यावर नजर आहे त्याला न विचारता केलेला अभ्यास म्हणजे आणखी एक कॅमेराच.