बर्फाची पुस्तकं आणि मुळशीची हरळी

तुम्ही गोल्फ खेळत नसाल; मीही खेळत नाही. माझ्या पीएचडीचा विषय त्या मैदानावरचं गवत आहे. "गवतात कसलं आलंय संशोधन?" असं घरी अजून विचारतात. म्हणून आज जरा सविस्तर सांगतो, आणि थोडं भांडतोही.

भांडण आहे हिवाळ्यात खराब झालेलं गवत दुरुस्त करायला शिकवणाऱ्या पुस्तकांशी. ती बहुतेक थंड देशांत लिहिलेली. तिथे मैदानावर बर्फ साचला की मुळांना प्राणवायू मिळत नाही, विषारी वायू खाली कोंडतात. बर्फ वितळला की गवताचा बुंधा पाणी शोषतो, ते पुन्हा गोठतं आणि पेशी फाटतात. हे विवेचन उत्तमच आहे. पण पुढचा सल्ला असतो, वसंताची वाट पाहा आणि बी पेरा. इथंच घोडं पेंड खातं.

मुळशीत बर्फ कुठला? डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० अंशांच्या आसपास येतो, गवत तपकिरी पडतं. पण ते झोपलेलं असतं, मेलेलं नव्हे. खरं नुकसान पावसाळ्यातच होऊन गेलेलं असतं. याच तालुक्यात ताम्हिणीला जुलै २०२४ मध्ये २४ तासांत ५५६ मिमी पाऊस झाला. पुण्याकडच्या बाजूला पाऊस बराच कमी, तरी निचरा नसला की पाण्याने भरलेली माती बर्फाचंच काम करते, म्हणजे मुळांचा श्वास कोंडते. वर महिनोन्महिने ढग, आणि या गवताला सावली सोसत नाही. जानेवारीत दिसणारं टक्कल बहुधा ऑगस्टमध्येच पडायला लागलेलं असतं.

आता बियांचं बघू. उष्ण भागातल्या मैदानांवर 'टिफवे'सारख्या संकरित जाती लावतात. आपली हरळी, म्हणजे गणपतीची दूर्वा, आणि तिची आफ्रिकेतली एक बहीण यांचा हा संकर; अमेरिकेतल्या टिफ्टन इथे तयार झाला, १९६० मध्ये प्रसारित झाला. तो वांझ आहे, त्याला रुजणारं बी धरत नाही. साध्या हरळीचं बी टाकलंत तर पोत वेगळा, ठिगळ उठून दिसणार. लावायच्या त्या त्याच जातीच्या कांड्या. पेरापेराला मुळं फुटतात, हे हरळी खणून दमलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

राहता राहिलं वेळापत्रक. पुस्तकाप्रमाणे मार्चमध्ये मोठी लागवड केली, तर एप्रिल-मेमध्ये तिला रोज पाणी पाजावं लागतं. म्हणजे ऐन टंचाईत, जेव्हा वाड्यावस्त्यांवर हंड्याहंड्याचा हिशेब चालतो. आपला वसंत ऑक्टोबरात असतो. तेव्हा जमीन ऊबदार, खाली ओल, वर मोकळं ऊन. माती भोकं पाडून मोकळी करणं, वाळू घालणं, कांड्या लावणं ही कामं तेव्हाची.

पुस्तकं फेकून द्या असं मी म्हणत नाही. कारणमीमांसा घ्या, कॅलेंडर सोडा. त्यांची एक साधी चाचणी तर जरूर घ्या. तपकिरी जागेतून वीतभर खोल ठोंब काढा, कुंडीत लावा, दिवसा उन्हात आणि रात्री घरात ठेवा, पाणी द्या. दोन-तीन आठवड्यांत हिरवे कोंब आले तर मैदानाला हात लावू नका. नाही आले, तर आधी तिथला निचरा तपासा. लहान जागेत त्याच जातीचा ठोंब थंडी ओसरल्यावर बसवता येईल. मोठं काम मात्र ऑक्टोबरपर्यंत थांबू द्या.