माकडतापाची लस ६२.४ टक्के परिणामकारक? हा आकडा कसा वाचायचा



पेपरच्या अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्ये टक्केवारी दिसली की आपण ती उचलतो, सेमिनारच्या स्लाइडवर टाकतो आणि पुढे जातो. आज तसं न करता एका पेपरमधले दोन-तीन आकडे घेऊ आणि त्यांच्यामागे काय आहे ते बघू.

विषय आहे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, म्हणजे केएफडी. आपल्याकडे याला माकडताप म्हणतात. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात जंगलात माकडं मरू लागली, माणसंही तापाने आजारी पडली. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमधल्या (आजची एनआयव्ही) शास्त्रज्ञांनी त्यामागचा विषाणू शोधला. तो गोचिडीच्या चाव्यातून माणसात येतो. पुढे तो पश्चिम घाटात पसरला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात रुग्ण सापडले. म्हणजे हा पेपर शेजारच्या राज्याचा असला तरी प्रश्न आपल्या काजूच्या बागांपर्यंत आलेला आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. ही लस गोचिडीविरुद्ध नाही, विषाणूविरुद्ध आहे. गोचिडीविरुद्धच्या लशी जनावरांसाठी निघाल्या, तो वेगळा विषय.

पेपर काय म्हणतो?

जुन्या लशीचं पहिलं मोठं मूल्यमापन १९९४ मध्ये छापून आलं. त्यात एका डोसची परिणामकारकता ७९.३ टक्के आणि दोन डोसची ९३.५ टक्के आली होती. पुढे लस घेतलेल्यांनाही आजार होऊ लागला. मग कसाबी आणि सहकाऱ्यांनी २००५ ते २०१० च्या कर्नाटकातल्या लसीकरणाच्या आणि रुग्णांच्या नोंदी एकत्र करून २०१३ मध्ये पेपर लिहिला. त्यात दोन डोसची परिणामकारकता ६२.४ टक्के, आणि दोन डोस अधिक बूस्टर घेणाऱ्यांमध्ये ८२.९ टक्के निघाली. एकूण १६८ रुग्णांपैकी १३४ जणांनी लस घेतलीच नव्हती.

‘८० टक्के रुग्ण लस न घेतलेले’

हे वाक्य ऐकलं की लस जोरदार काम करते असं वाटतं. जरा थांबा. समजा १००० लोकांचं गाव आहे. १० जण आजारी पडले, त्यातले ८ लस न घेतलेले आणि २ घेतलेले. आता गावात मुळात लस न घेतलेले ८०० असतील, तर दोन्ही गटांत आजाराचं प्रमाण १ टक्काच आहे आणि लशीचा उपयोग शून्य. पण लस न घेतलेले ५०० असतील, तर प्रमाण १.६ आणि ०.४ टक्के होतं, म्हणजे परिणामकारकता ७५ टक्के. रुग्ण तेच, फक्त छेद बदलला! म्हणून किती लोकांनी लस घेतली हे कळल्याशिवाय रुग्णांच्या टक्केवारीवर काहीच बोलू नका. या पेपरने कव्हरेजही मोजलं आणि ते कमी आहे असं उघड लिहिलं. ही त्याची मोठी जमेची बाजू.

लस कोणाला मिळाली?

इथे चिठ्ठ्या टाकून दोन गट केलेले नाहीत. लसीकरण होत असे ते जिथे केएफडी आढळला त्या भागात आणि भोवतालच्या पाच किलोमीटरमधल्या गावांत. म्हणजे मुळातच जास्त धोक्यातल्या लोकांना लस मिळायची. तुलनेसाठी लांबच्या, सुरक्षित गावांतले लोक आले, तर लस खरी आहे त्यापेक्षा कमकुवत दिसेल.

आता उलटं बघा. लस टोचल्यावर दुखते, ही तक्रार जुनी आहे. शिवाय आरोग्य पथक येतं तेव्हा जो माणूस पहाटेच जंगलात लाकडं आणायला गेलेला असतो, तो लशीला मुकू शकतो आणि गोचीडही त्यालाच जास्त चावते. असं झालं तर लस खरी आहे त्यापेक्षा चांगली दिसेल. दोन दोष, दिशा विरुद्ध. कोणाचं वजन जास्त, हे नुसत्या नोंदवहीवरून ठरत नाही. १९९४ च्या अभ्यासालाही हाच प्रश्न लागू होतो, त्यामुळे ‘आधी ९३.५ होती, आता ६२.४ झाली, म्हणजे लस बिघडली’ असा सरळ निष्कर्ष काढता येत नाही.

बूस्टरचं काय?

६२.४ वरून ८२.९, म्हणजे फरक बूस्टरनेच पडला, असं म्हणायचा मोह होतो. पण बूस्टर सहा ते नऊ महिन्यांनी द्यायचा असे. त्या गटात जायला माणूस तोपर्यंत आजारी न पडलेला हवा. मधल्या काळात आजारी पडला तर तो दोन डोसवाल्यांच्या खात्यात जातो. म्हणून प्रत्येकाचा काळ कोणत्या गटात मोजला, हे पद्धतीच्या भागात शोधायचं. शिवाय परत परत लस घ्यायला येणारा माणूस इतर बाबतीतही काळजी घेणारा असू शकतो.

आणि ६२.४ चा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल बघितलात का? साधारण २६ ते ८१. म्हणजे लस बरीच कमकुवतही असू शकते किंवा चांगलीही. स्लाइडवर दशांश चिन्हासकट आकडा टाकताना हा पट्टा सोबत नसेल, तर ती अर्धी माहिती आहे.

मग पेपर टाकाऊ का?

अजिबात नाही. सरकारी कार्यक्रमाच्या नोंदी उघडून ‘आपली लस अपेक्षेपेक्षा कमी पडतेय आणि लोकांपर्यंत पोचतही नाहीये’ असं छापायला धाडस लागतं. माझा आक्षेप आपण तो कसा उद्धृत करतो याला आहे. कोणी ६२.४ दाखवून लसच निकामी ठरवतो, कोणी ८२.९ दाखवून बूस्टर न घेणाऱ्या गावकऱ्यांना दोष देतो. या पेपरमधून दोन्ही ठामपणे सिद्ध होत नाही. दोन डोस, मग बूस्टर, मग वर्षानुवर्षं पुन्हा टोचून घेणं, तेही दुखरं. हे ज्याने करायचं त्याला नेमकं किती संरक्षण मिळतं, हे सांगणं आपलं काम आहे.

२०२२ च्या सुमारास जुन्या लशीचा वापर थांबला आणि आता आयसीएमआरच्या पुढाकाराने नवी लस तयार होतेय. तिची तुलना याच जुन्या आकड्यांशी होणार. तेव्हा तुमच्यापैकी कोणी त्या टीममध्ये असेलही.

तोवर एक सराव करा. तुमच्या विषयातला टक्केवारी देणारा एखादा पेपर घ्या आणि कागदावर चार रकाने आखा: छेद कुठून आला, गटात कोण आणि कसं गेलं, काळ कधीपासून मोजला, आणि पट्टा किती रुंद आहे. जो रकाना रिकामा राहील, तो प्रश्न गाइडला विचारा. कदाचित तुमच्या प्रपोजलचा विषय तिथेच सापडेल.