ऐकायचे कोणाचे?

जुन्या करारातील शमुवेलाचे पहिले पुस्तक हा नेतृत्वाविषयीचा एक वाद आहे, असे समजून मी ते वाचतो. आठव्या अध्यायात इस्राएलचे वडीलधारे शमुवेलाकडे राजा मागतात. मागणीला कारण आहे: शमुवेलाने न्यायाधीश नेमलेले त्याचेच मुलगे लाच खातात. शमुवेल बजावतो की, राजा तुमचे मुलगे रथापुढे धावायला नेईल, मुलींना स्वयंपाकाला जुंपील, शेते व द्राक्षमळे हिरावील, धान्याचा दहावा हिस्सा घेईल. शेवटी तुम्ही त्याचे गुलाम व्हाल. राजसत्तेचा हा हिशेब राबणाऱ्याच्या बाजूने मांडलेला आहे. तरीही देव शमुवेलाला सांगतो, लोकांचे ऐक.

पंधराव्या अध्यायात शमुवेल देवाच्या नावाने शौल राजाला आज्ञा देतो: अमालेकी लोकांचा समूळ संहार कर, बायका आणि तान्ही मुलेही सोडू नकोस. शौल संहार करतो. मात्र त्यांचा राजा अगाग आणि निवडक गुरेमेंढरे राखतो. जाब विचारल्यावर म्हणतो, मी लोकांना भ्यालो, त्यांचे ऐकले. देव त्याला राजा म्हणून नाकारतो.

दोन्ही ठिकाणी हिब्रू क्रियापद एकच आहे: 'शामा'. आपल्या 'ऐकणे'सारखेच ते कानाचेही आहे आणि आज्ञापालनाचेही. जे एका अध्यायात कर्तव्य, तेच दुसऱ्यात अपराध ठरते.

यज्ञाहून आज्ञापालन श्रेष्ठ, हे शमुवेलाचे प्रसिद्ध तत्त्व याच प्रसंगातले. यज्ञसंस्थेवरचा प्रहार म्हणून ते आपल्याला जवळचे वाटेल. पण येथे कोणती आज्ञा पाळायची होती, हे विसरून चालणार नाही. शौल निर्दोष नाही. परंतु त्याच्यावरील आरोपात मारलेल्या मुलांचा उल्लेखही नाही. आरोप आहे तो वाचवलेल्यांबद्दल! शिवाय ही आज्ञा शौलापर्यंत येते ती शमुवेलाच्या तोंडून. राजाला जाब विचारणारा संदेष्टा आहे. संदेष्ट्याला जाब विचारणारा या अध्यायात कोणी नाही.

याच परंपरेत उरीयाच्या खुनाबद्दल नाथान दावीदला दोषी ठरवतो, नाबोथाचा मळा बळकावणाऱ्या अहाबापुढे एलीया उभा राहतो. तेथे देवाचे नाव पीडिताच्या बाजूने घेतले जाते; अमालेकी प्रकरणात ते पीडितांवरच चालवले जाते. दोन्हींना 'देवाची आज्ञा' म्हणून एकाच तागडीत तोलणारी समीक्षा मला मान्य नाही. आज्ञा कोणाच्या नावाने आली यापेक्षा ती कोणाच्या मानेवर पडली, हे आपण आधी पाहिले पाहिजे. नेता कोणताही असो, देव कोणाचाही असो.