चेतना कोणाच्या पदरात?

श्रोडिंजर या शास्त्रज्ञाने १९४३ साली डब्लिनला व्याख्याने दिली. त्यांचे ‘व्हॉट इज लाइफ?’ हे पुस्तक १९४४ साली निघाले. ‘शास्त्रज्ञही शेवटी उपनिषदांना शरण गेला’, असे मी कीर्तनात वर्षानुवर्षे सांगितले. टाळकरी माना डोलवत. पुस्तक मात्र पाहिले नव्हते.

आता नातवाकडून समजून घेतले. उपनिषदे येतात ती फक्त उपसंहारात. पुस्तकाचा प्रश्न निराळा आहे. जगात सगळे विस्कटत जाते, मग जिवंत देह आपली घडी कशी राखतो? ते म्हणतात, तो बाहेरची सुव्यवस्था खाऊन जगतो. उत्तर मोठे मार्मिक आहे. पण पहिला जीव कसा उपजला, हे त्यात नाही.

मग ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय पुन्हा काढला. क्षेत्राची छत्तीस तत्त्वे मोजताना ज्ञानोबारायांनी चेतना त्यांतच धरली आहे. चुंबकाजवळ लोखंड हालावे, तशी ती. क्षेत्रज्ञ वेगळाच. म्हणजे उद्या कोणी प्रयोगशाळेत जीव घडवला, तरी घडेल ते क्षेत्रच! मी मात्र चेतनेलाच आत्मा म्हणून व्यासपीठावरून शास्त्रज्ञांशी भांडत होतो, तेही पोथी समोर ठेवून.