दब्ब मल्लपुत्ताची नियुक्ती : एक पुनर्वाचन

25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेपुढे केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी भिक्खू संघाच्या कार्यपद्धतीचा उल्लेख केला होता. आसनव्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सारे संघाला अवगत होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. आपल्या व्याख्यानांतून आणि विशेषांकांतून ही यादी वारंवार येते. ती यथार्थच आहे. परंतु तिचा आधार घेणारे आपले बहुतेक लेखक मतदानापाशी थांबतात. अधिकारपदावर माणूस कसा नेमावा याविषयी विनयपिटक जे सांगते, त्याकडे मात्र दुर्लक्ष होते.

हे दुर्लक्ष केवळ ग्रंथापुरते नाही. अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गी हे कर्नाटक सीमेलगतचे, कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषा बोलणारे, नगरपरिषद असलेले लहानसे गाव. अशा गावी सामान्य माणसाला सत्तेचे दर्शन घडते ते घटनेच्या कलमांतून नव्हे. घरकुलाच्या यादीत नाव घालणारा किंवा वगळणारा, नळजोडणीच्या अर्जावर सही करणारा जो कोणी असेल, त्याच्या रूपाने ते घडते. विनयातील दब्ब मल्लपुत्ताची कथा नेमकी अशाच माणसाची आहे.

दब्ब सातव्या वर्षी अर्हत झाला. राजगृहाच्या वेळुवनात असताना त्याला वाटले, आपले कार्य तर संपले, आता संघाची कोणती सेवा करावी? निवासस्थाने नेमून देणे आणि भोजनाची निमंत्रणे वाटणे ही कामे त्याने मागितली. संघाने रीतसर नियुक्ती केली. प्रथम खुद्द उमेदवाराला विचारावे, मग संघापुढे ज्ञप्ती मांडावी, त्यानंतर एकवार घोषणा करावी. ज्याला संमत असेल त्याने मौन पाळावे, ज्याला नसेल त्याने बोलावे. दब्बाची कामाची हातोटीही पाहण्यासारखी आहे. सुत्तधरांना त्याने सुत्तधरांजवळ, विनयधरांना विनयधरांजवळ, ध्यानी भिक्खूंना ध्यानी भिक्खूंजवळ जागा दिली. निरर्थक गप्पांत रमणाऱ्यांनाही त्याने एकत्रच ठेवले! तेवढ्याने का होईना, तेही सुखाने राहतील, असा त्याचा विचार होता.

अशा पदांसाठी चुल्लवग्ग आणि महावग्ग पाच गुण सांगतात. छंद, द्वेष, मोह आणि भय यांच्या आहारी न जाणे हे चार सर्व पदांना समान आहेत. पाचवा मात्र पदानुसार बदलतो, आणि अभ्यासकांनी याची दखल क्वचितच घेतलेली दिसते. भोजन नेमणाऱ्याला कोणाला नेमून दिले आणि कोणाला नाही, याचे ज्ञान हवे. चीवर वाटणाऱ्याला काय वाटले आणि काय उरले, हे ठाऊक हवे. भांडागारिकाला काय सुरक्षित आहे आणि काय नाही, हे कळले पाहिजे. म्हणजे शील एकट्याने पुरत नाही आणि कौशल्यही एकट्याने पुरत नाही. आपल्या संस्थांत पहिल्या चार गुणांवर भाषणे होतात. पाचव्याची चौकशी कोणी करत नाही.

तरीही दब्बावर आळ आलाच. उत्तम भोजन देणाऱ्या एका गृहपतीकडे मेत्तिय व भुम्मजक या भिक्खूंची पाळी आली. त्यांचे नाव ऐकून गृहपती नाराज झाला आणि दासीला सांगून त्याने त्यांना दारातच कण्यांचा भात व आंबील वाढवले. दोष दात्याचा होता, पण त्यांचा संशय गेला नियुक्त अधिकाऱ्यावर. त्यांनी मेत्तिया भिक्खुणीला पुढे करून दब्बावर व्यभिचाराचा खोटा आरोप केला. संघाने चौकशी केली आणि स्मृतिविनयाने दब्बाला निर्दोष ठरवले.

येथे मात्र चिकित्सक वाचकाने ग्रंथाला प्रश्न विचारलाच पाहिजे. भिक्खुणीला संघातून काढून टाकले गेले. ज्यांनी तिला प्रवृत्त केले त्यांनी तसे कबूल केले, तरी त्यांच्या अपराधासाठी घडलेला नियम संघादिसेसाचा, म्हणजे प्रायश्चित्तानंतर संघात परतता येण्याचा. हा न्याय समान नाही. श्रीलंकेत महाविहार व अभयगिरी यांच्यात याच प्रसंगावरून वाद झाल्याची नोंद अट्ठकथेत आहे, म्हणजे प्राचीनांनाही तो खटकला होता. दुसरी अडचण शलाकाग्राहापकाची, म्हणजे मतशलाका गोळा करणाऱ्याची. गूढ मतदानात अधर्मवादी अधिक निघाले तर मतदान नीट झाले नाही असे म्हणून शलाका परत घेण्याची मुभा त्याला आहे. आजच्या निवडणूक अधिकाऱ्याने असे केले तर आपण न्यायालयात जाऊ, आणि ते योग्यच ठरेल. एवढा अधिकार एका व्यक्तीच्या हाती असल्यानेच त्याच्याही नियुक्तीला ते पाच गुण आवश्यक मानले आहेत. ही अडचण झाकून संघाला आधुनिक संसदेचा पूर्वज म्हणणे हे श्रद्धेचेही काम नव्हे, अभ्यासाचेही नव्हे.

नियुक्तीचा प्रश्न बाबासाहेबांना अनुभवाने ठाऊक होता. 1927 पासून ते मुंबई विधिमंडळाचे सरकारनियुक्त सभासद होते. तरीही 1928 साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्यांच्या प्रतिनिधींची नेमणूक सरकारने करण्याच्या पद्धतीला विरोध केला. नेमलेला सभासद नेमणाऱ्याच्या मर्जीत अडकतो आणि समाजाला उत्तर देण्यास बांधील राहत नाही, हा त्यांचा आक्षेप होता.

1 जून 1993 पासून अंमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपरिषदांत अनुसूचित जातींसाठी जागा राखीव ठेवल्या आणि अध्यक्षपदांच्या आरक्षणाचीही सोय केली. नगरप्रशासनाचे विशेष ज्ञान वा अनुभव असलेल्यांना नामनिर्देशनाने घेण्याची तरतूदही तीत आहे. अशा सभासदाला सभेत मताचा हक्क नाही. विशेष ज्ञान ही अट म्हणजे विनयातील पाचवाच गुण. परंतु मैंदर्गी, दुधनी वा अक्कलकोटच्या नगरपरिषदेत स्वीकृत सदस्य घेताना त्या ज्ञानाची परीक्षा सर्वांसमक्ष कोण घेतो? विनयातली घोषणा ज्यांच्यावर त्या पदाचा परिणाम होणार त्या साऱ्यांच्या समक्ष होत असे आणि विरोधाला तेथेच जागा होती. नियुक्तीनंतर अधिकाऱ्याची कुजबुजत निंदा करणे विनयाने पाचित्तिय ठरवले. त्याच नियमात एक अपवादही नोंदलेला आहे : अधिकारी खरोखर छंद, द्वेष, मोह वा भय यांच्या आहारी जाऊन वागत असेल, तर त्याच्याविरुद्ध बोलणाऱ्याला दोष लागत नाही.