बर्वे, भक्ती

(१० सप्टेंबर १९४८–१२ फेब्रुवारी २००१). मराठी रंगभूमी, दूरदर्शन व चित्रपट या तिन्ही माध्यमांत काम केलेल्या श्रेष्ठ अभिनेत्री. जन्म सांगली येथे. सुधा करमरकर यांच्या ‘लिटल थिएटर’ या संस्थेच्या बालनाट्यांतून त्यांचा रंगमंचावर प्रवेश झाला. पुढे आकाशवाणीवरील निवेदिका आणि मुंबई दूरदर्शन केंद्राच्या (स्थापना १९७२) वृत्तनिवेदिका म्हणून त्यांचा आवाज व चेहरा घरोघरी परिचित झाला. त्यांच्या अभिनयाचा विचार करताना ही पार्श्वभूमी विसरता येत नाही. कारण ज्या प्रमाण मराठीच्या त्या जणू आदर्श मानल्या गेल्या, तिच्याबाहेरच्या बोलींतच त्यांच्या कलेला खरा बहर आला.

पु. ल. देशपांडे यांचे ती फुलराणी (१९७५) हे नाटक म्हणजे बर्नार्ड शॉच्या पिग्मॅलिअनचे मराठी रूपांतर. इंडियन नॅशनल थिएटरने रंगभूमीवर आणलेल्या या नाटकात भाषाभिमानी प्राध्यापकाच्या भूमिकेत सतीश दुभाषी, तर फुले विकणाऱ्या मंजुळेच्या भूमिकेत भक्ती बर्वे होत्या. अशुद्ध बोलणाऱ्या मुलीची टवाळी करून प्रेक्षकांना हसविणे येथे सहज शक्य होते व ते खपूनही गेले असते. बर्वे यांनी तो मोह टाळला. त्यांची मंजुळा आपल्या बोलीत लाजत नाही, अडखळत नाही. तिचा राग, लोभ, स्वप्ने आणि सूडाची कल्पनासुद्धा त्या बोलीत पुरतेपणी मावतात. प्राध्यापकाला मनातल्या मनात शिक्षा ठोठावणारे तिचे गाजलेले स्वगत त्या केवळ आवेशाने म्हणत नसत. संतापातून खोडकर कल्पनाविलासाकडे आणि तेथून दुखावलेल्या स्वाभिमानाकडे त्या एका श्वासात जात. त्यामुळे सुधारलेली मंजुळा जेव्हा निर्दोष मराठी बोलू लागते, तेव्हा टाळ्यांबरोबरच काही गमावल्याची जाणीवही होते. अर्थात उच्चारांच्या रेखीवपणाचा सोस त्यांना पुरता सुटला नव्हता. अगदी आरंभीच्या प्रवेशांतही एखादे वाक्य जरा अधिकच घोटलेले वाटे.

या यशाची किंमतही त्यांना द्यावी लागली. प्रेक्षक त्यांच्यात फुलराणीच शोधत राहिले. तरीही अशोक पाटोळे यांच्या आई रिटायर होतेयमधील गृहकृत्यांतून निवृत्ती जाहीर करणारी आई आणि अजित दळवी यांच्या गांधी विरुद्ध गांधीमधील कस्तुरबा या भूमिकांतून त्यांनी वेगळा सूर लावला. पती व पुत्र यांच्यात ओढली जाणारी कस्तुरबा साकारताना त्यांनी बोलण्यापेक्षा मौनावर भर दिला. शब्दांवर एवढी हुकमत असलेल्या नटीला हा संयम साधावा, हे विशेषच. हँड्स अप! व रातराणी ही त्यांची इतर उल्लेखनीय नाटके.

दूरदर्शनवरील बहिणाबाई या चित्रपटात त्यांनी खानदेशच्या निरक्षर कवयित्रीची भूमिका केली. वृत्तनिवेदिकेच्या आवाजाला शेतात राबणाऱ्या बाईचा लहेजा मिळाला आणि कृत्रिमता कोठेही जाणवली नाही.

चित्रपटसृष्टीने मात्र त्यांचा पुरेसा उपयोग करून घेतला नाही. कुंदन शाह दिग्दर्शित जाने भी दो यारो (१९८३) हा ठळक अपवाद. भ्रष्टाचार उघडकीस आणण्याचा आव आणून प्रत्यक्षात सौदेबाजी करणारी संपादिका शोभा सेन त्यांनी गोड, विश्वासार्ह आवाजात रंगविली. ज्या आवाजावर प्रेक्षक बातम्यांसाठी विसंबत, तोच येथे फसवणुकीचे साधन झाला.

संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना १९९० मध्ये मिळाला. अभिनेते शफी इनामदार (मृत्यू १९९६) हे त्यांचे पती. वाई येथील कार्यक्रम आटोपून मुंबईस परतत असताना मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर मोटार अपघातात त्यांचे निधन झाले.